माळ्यावरचा तंबू आणि डिकीतला संसार

पावसाळा सरून हवेत गारवा आला, की शनिवारी पहाटे मुंबई-पुण्याच्या मोटारी भंडारदरा, पवना, मुळशी आणि कोकणच्या किनाऱ्याकडे धावू लागतात. एके काळी तंबूत रात्र काढणे हे गिर्यारोहण संस्थांच्या सदस्यांपुरते आणि बालवीरांच्या शिबिरांपुरते मर्यादित होते. आज चौकोनी कुटुंबेही स्वतःचा तंबू, स्लीपिंग बॅगा, घडीच्या खुर्च्या आणि छोटी शेगडी घेऊन बाहेर पडतात. या सामानाची खरेदी मोठ्या हौसेने होते. मात्र वर्षातले चार-सहा दिवस वापरले जाणारे हे सामान उरलेले साडेतीनशेहून अधिक दिवस कुठे आणि कसे राहते, याचा विचार क्वचितच केला जातो.

तो करायला हवा. कारण डोंगरावरच्या वाऱ्या-पावसाने तंबूचे जेवढे नुकसान होत नाही, तेवढे बहुतेकदा घरातल्या माळ्यावर होते. त्याची शिक्षा मात्र माळ्यावर मिळत नाही. ती मिळते पुढच्या सहलीत. रात्री दोन वाजता अवकाळी सर येते, लेप सुटलेल्या कापडातून पाणी मुलांच्या अंथरुणावर ठिबकू लागते, बॅटरी शोधावी तर तिच्यातले सेल फुटून गंजलेले असतात, आणि तणावे बांधायची दोरी डिकीच्या तळाशी अडकलेली असते. अशा वेळी सहलीचा आनंद तर जातोच, शिवाय आडरानात लहान मुलांसह भिजण्याचा धोका पत्करावा लागतो. म्हणूनच सामान वाळवणे, ठेवणे आणि गाडीत भरणे या तीन कामांकडे सहलीचाच भाग म्हणून पाहिले पाहिजे.

खरा शत्रू ओल

आजचे तंबू बहुधा नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या कापडाचे असतात. हे कापड मुळात जलरोधक नसते. त्याच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेन या रसायनाचा पातळ लेप दिलेला असतो आणि शिवणींवर त्याच जातीच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. पाणी अडवण्याचे काम हा लेप करतो. परंतु सतत ओलाव्यात राहिल्यास त्याचे पाण्याच्या संयोगाने हळूहळू विघटन होते आणि उष्णतेमुळे ही क्रिया अधिक वेगाने घडते. लेप आधी चिकट होतो, मग त्याला आंबूस वास येऊ लागतो आणि शेवटी त्याचे पापुद्रे सुटतात. या अवस्थेला पोचलेला तंबू पूर्ववत करणे जवळपास अशक्य असते.

आपल्याकडचे हवामान या क्रियेला पोषक आहे. मुंबईत एकट्या जुलै महिन्यात सरासरी ८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पावसाळ्यात हवेतील आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. वरच्या मजल्यावरील घरात स्लॅबला लागून असलेला माळा उन्हाळ्यात तापतो आणि पावसाळ्यात ओलावा धरतो. उष्णता आणि ओल या दोहोंची गाठ तिथेच पडते. म्हणजेच अडगळीचे सामान टाकण्याची आपली नेहमीची जागा तंबूच्या दृष्टीने सर्वांत वाईट ठरते. त्यापेक्षा खोलीतल्या कपाटाचा मधला कप्पा किंवा बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या दिवाणाचा पेटारा केव्हाही बरा. फक्त त्यावर वर्षभर जड ओझे रचू नये.

पाऊस पडला नाही म्हणून तंबू कोरडा आहे, असे समजणे चुकीचे असते. हिवाळ्यातल्या पहाटे बाहेरच्या कापडावर दव साठते, तर आतल्या बाजूला झोपलेल्या माणसांच्या श्वासातील वाफ गोठून थेंब धरते. तळाच्या कापडाखाली जमिनीचा ओलावा येतो आणि तो सर्वांत शेवटी सुकतो. सकाळी निघण्याच्या घाईत हे सारे तसेच गुंडाळले जाते. तेवढ्यापुरते ते क्षम्य आहे. मात्र घरी पोचल्यावर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, तंबू पिशवीतून बाहेर निघायलाच हवा.

दोन खोल्यांच्या घरात तंबू कसा वाळवावा?

ज्यांना इमारतीची गच्ची उपलब्ध आहे, त्यांनी तंबू तिथे तासाभरासाठी उभा करावा. तो उभा असताना आतली माती झाडून काढता येते आणि फाटलेली जाळी किंवा उसवलेली शिवणही नजरेस पडते. गच्ची नसेल तर बाहेरचे आवरण आणि आतला तंबू वेगळे करून दोन दारांवर किंवा वाळत घालायच्या दोरीवर टाकावेत, पंखा लावावा आणि चार-पाच तासांनी बाजू पालटावी. हाताला कोरडे लागणे पुरेसे नाही. शिवणी, कोपरे आणि चेनच्या कडेची दुहेरी पट्टी चिमटीत धरून पाहावी, कारण ओल तिथेच दडून राहते. कडक उन्हात दिवसभर टाकून ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. उन्हातील अतिनील किरणांनी नायलॉनचे धागे कमकुवत होतात.

तंबू धुण्याची वेळ आलीच, तर तो वॉशिंग मशीनमध्ये घालू नये. यंत्राच्या पिळण्याने लेप आणि शिवणींवरच्या पट्ट्या सुटतात. कपडे धुण्याच्या पावडरीनेही लेपाची हानी होते. साधे पाणी, मऊ स्पंज आणि गरज पडल्यास सौम्य साबणाचे थोडे पाणी एवढ्यावर काम भागते. कोकणातून परतलेल्या तंबूला मात्र पाण्याची आंघोळ घालणे आवश्यकच असते. खाऱ्या हवेतील मीठ कापडात राहिले, तर ते हवेतला दमटपणा ओढून घेते. वाळूचे कण चेनमध्ये अडकले, तर तिचे दाते झिजतात. चेन जुन्या दातघासणीच्या ब्रशने साफ करावी. मेखा आणि दांड्या गोड्या पाण्याने धुऊन पुसाव्यात.

दांड्यांच्या आत लवचिक दोरी ओवलेली असते. त्या दुमडताना टोकाकडून सुरुवात न करता मध्यापासून सुरुवात केली, तर दोरीवर दोन्ही बाजूंना सारखा ताण येतो आणि ती अधिक वर्षे टिकते. तंबूची घडीही दर वेळी त्याच रेषेवर घालू नये, कारण एकाच ठिकाणी वारंवार मुडपलेला लेप तिथेच तडकतो. त्याच्या मूळ घट्ट पिशवीत तंबू फक्त प्रवासापुरता असावा. घरी तो सैल गुंडाळून जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात किंवा धान्याच्या कापडी पिशवीत ठेवावा. मेखा वेगळ्या पिशवीत असाव्यात, म्हणजे त्यांच्या टोकांनी कापडाला भोक पडत नाही.

अंथरूण-पांघरूण आणि बॅटऱ्या

स्लीपिंग बॅगेची ऊब तिच्या कापडात नसते. ती आतल्या पिसांत किंवा कृत्रिम तंतूंत अडकून राहिलेल्या हवेत असते. ही बॅग आवळून लहानशा पिशवीत कोंबली आणि सहा महिने तशीच ठेवली, तर तंतू दबतात, पुन्हा फुलत नाहीत आणि हवा धरून ठेवण्याची त्यांची क्षमता घटते. थंडीतल्या रात्री कुडकुडणारा मनुष्य बॅगेच्या कंपनीला दोष देतो. खरा दोष घरात ती कशी ठेवली यात असतो. बॅग कपाटात टांगून ठेवावी किंवा मोठ्या सुती पिशवीत सैल भरावी. आपोआप फुगणाऱ्या गाद्यांच्या आत स्पंज असतो. त्या गुंडाळून न ठेवता झडप उघडी ठेवून पलंगाखाली सपाट पसराव्यात, म्हणजे आतली ओल निघून जाते.

कपड्यांत डांबरगोळ्या ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. तंबूच्या सामानात त्या टाळाव्यात. त्यांचा उग्र वास बंदिस्त तंबूत रात्रभर छळतो आणि काही प्रकारच्या प्लास्टिकवर त्यांचा दुष्परिणामही होतो. त्याऐवजी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. निळे दाणे गुलाबी झाले किंवा नारिंगी दाणे हिरवे झाले, की त्यांची ओलावा शोषण्याची क्षमता संपली असे समजावे. मंद आचेवर तापवल्यास ते पुन्हा वापरण्याजोगे होतात. हे काम स्वयंपाकाच्या भांड्यात मात्र करू नये.

बॅटरी आणि कंदिलातले सेल परतल्यावर लगेच काढून ठेवावेत. दीर्घकाळ पडून राहिलेल्या सेलमधून क्षारयुक्त द्रव पाझरतो आणि आतले धातूचे भाग कुरतडतो. पुन्हा चार्ज होणारे दिवे आणि पॉवर बँक पूर्ण भरलेल्या किंवा पूर्ण रिकाम्या स्थितीत ठेवू नयेत. निम्म्याच्या आसपास भरून थंड जागी ठेवल्यास त्यांचे आयुष्य वाढते.

शेगडी आणि गॅस : इथे हयगय नको

आतापर्यंतच्या चुकांची किंमत पैशांत मोजता येते. गॅसच्या बाबतीत ती जिवावर बेतू शकते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळती झाल्यास तो वर उडून जात नाही. तो गाडीच्या तळाशी, कपाटाच्या खालच्या कप्प्यात किंवा तंबूच्या जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर बंद कपाटात किंवा माळ्यावर कधीही ठेवू नये. हवेशीर जागी, उभा आणि झाकण लावून ठेवावा. गाडीतूनही तो उभाच न्यावा, आडवा कलंडू नये म्हणून पट्ट्याने बांधावा आणि रेग्युलेटर काढून ठेवावा. रस्त्याच्या कडेला परस्पर भरून मिळणारी छोटी सिलिंडरे घेऊ नयेत. अधिकृत वितरकाकडे ५ किलोचा सिलिंडर मिळतो.

एकदाच वापरायच्या गॅसच्या डब्यांवर ५० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमानात ठेवू नये, अशी सूचना सामान्यतः छापलेली असते. उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीच्या आतले तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा २० अंशांहून अधिक वाढू शकते. बाहेर ३५ अंश असतील तर आत ५५! गड पाहायला जाताना पायथ्याशी गाडी लावून तीन तास निघून जाणाऱ्यांनी हे गणित ध्यानात ठेवावे. गाडी सावलीत लावावी आणि सहलीनंतर उरलेला डबा डिकीत विसरू नये.

थंडी वाजते म्हणून तंबूच्या आत शेगडी किंवा निखाऱ्यांची घमेली ठेवणे हा तर सरळ मृत्यूला निमंत्रण देण्याचा प्रकार आहे. अर्धवट ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नसतो आणि वासही नसतो; झोपेतल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही. गरम पांघरुणे हाताशी येतील अशी भरली असतील, तर हा मोहच होत नाही. सामान कसे भरले आहे, याचा सुरक्षिततेशी असा थेट संबंध असतो.

दिंडीच्या ट्रकचा धडा

पूर्वी रेल्वेच्या प्रवासाला निघालेल्या मराठी कुटुंबाजवळ होल्डऑल, फिरकीचा तांब्या आणि फराळाचा डबा असे. वाटेत पाणी कुठे, अंथरूण कुठे आणि खाणे कुठे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असे. याहून मोठ्या प्रमाणावरची शिस्त पाहायची असेल, तर आषाढी वारीतल्या दिंड्यांकडे पाहावे. वारकरी पायी चालत असताना दिंडीचा ट्रक तंबू, ताडपत्र्या, मोठाली पातेली, शिधा आणि वळकट्या घेऊन पुढच्या मुक्कामी पोचतो. मंडळी थकून येईपर्यंत राहुट्या उभ्या राहतात आणि स्वयंपाकाची तयारी लागते. ऐन पावसात, रोज नव्या जागी हे घडते, कारण मुक्कामी पोचल्यावर आधी काय उतरवायचे हे भरतानाच ठरलेले असते.

मोटारीच्या डिकीलाही हाच नियम लागू पडतो : जे सर्वांत आधी लागते, ते सर्वांत शेवटी भरावे. मुक्कामी पोचल्यावर प्रथम ताडपत्री, तंबू आणि हातोडी लागते, त्यानंतर दिवे, मग शेगडी आणि शेवटी अंथरूण. त्याच्या उलट क्रमाने सामान भरले, तर काळोखात किंवा पावसात सारी डिकी रस्त्यावर मांडण्याची वेळ येत नाही.

यासाठी सामानाचे कामानुसार गट करून प्रत्येकाला स्वतंत्र पेटारा द्यावा. झाकणाला खटके असलेले, आरपार दिसणारे प्लास्टिकचे तीन मध्यम डबे एका कुटुंबाला पुरतात. एकात स्वयंपाकघर : एकात एक बसणारी पातेली, सांडशी, सुरी, काडेपेटी, मीठ-मसाल्यांच्या डब्या, भांडी घासण्याची घासणी. दुसऱ्यात दिवे, सेल, दोरी, चिकटपट्टी, जादा मेखा आणि प्रथमोपचाराची पेटी. तिसऱ्यात कोरडा शिधा. डबे विकत घेण्यापूर्वी डिकीची लांबी, रुंदी आणि उंची मोजावी, हे सांगायला नकोच. झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवावी आणि परतल्यावर संपलेल्या वस्तूसमोर खूण करावी. शिध्याचा डबा मात्र घरी येताच पूर्ण रिकामा करून धुवावा. बिस्किटाचा चुरा मुंग्या, झुरळे आणि उंदरांना बोलावतो, आणि उंदीर बिस्किटे संपल्यावर तंबूही कुरतडतात.

वजन, वेग आणि स्टेपनी

डिकी भरताना जड वस्तू सर्वांत खाली आणि मागच्या सीटच्या पाठीला चिकटून ठेवाव्यात. हलक्या वस्तू वर याव्यात. कोणतीही वस्तू सीटच्या पाठीच्या वर डोकावू नये आणि मागच्या काचेतून रस्ता दिसला पाहिजे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अचानक धडकून थांबली, तर आतली सुटी वस्तू त्याच वेगाने पुढे फेकली जाते. सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडणाऱ्या वस्तूचा जमिनीवर आदळतानाचा वेग एवढाच असतो. मागच्या काचेजवळ सहज ठेवलेला पाण्याचा थर्मास पुढे बसलेल्यांच्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावरून पडावा, असे कोणालाही वाटणार नाही.

वजनाचा हिशेबही एकदा कागदावर मांडावा. चौघांचा तंबू ६-७ किलो, स्लीपिंग बॅगा आणि गाद्या १० किलो, २० लिटर पाणी म्हणजे २० किलो, भरलेला छोटा सिलिंडर आणि शेगडी मिळून १२-१५ किलो, खुर्च्या १० किलो, भांडी आणि शिधा १५ किलो. बघता बघता आकडा ७५ किलोंवर जातो. लहान मोटारींची प्रवाशांसह एकूण भारवाहक क्षमता साधारणपणे ४०० किलोंच्या आसपास असते. पाच प्रौढ आणि एवढे सामान भरले, की ती मर्यादा गाठली जाते. नेमका आकडा गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेवरून काढता येतो. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी टायरमधील हवेचा दाब किती असावा, हे दाराच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेले असते. तो दाब निघण्यापूर्वीच भरून घ्यावा.

छतावर सामान बांधण्याआधीही पुस्तिका उघडावी. छताची मर्यादा डिकीपेक्षा बरीच कमी असते आणि तीत कॅरिअरचे वजनही धरलेले असते. माळशेज किंवा ताम्हिणीसारख्या घाटांत वळणे घेताना उंचावरचे वजन गाडीला बाहेरच्या बाजूला झुकवते. त्यामुळे छतावर फक्त गाद्या, अंथरुणे असे हलके सामान असावे. पाण्याचे कॅन आणि सिलिंडर वर कदापि चढवू नयेत.

सीएनजीवर चालणाऱ्या मोटारींच्या मालकांची अडचण वेगळीच. अशा अनेक गाड्यांत डिकीची बरीचशी जागा टाकीने व्यापलेली असते. तिच्या झडपेवर किंवा नळीवर पेटाऱ्याचा दाब येणार नाही, याची काळजी घ्यावी लागते. त्यांनी डब्यांऐवजी मऊ पिशव्या वापरणे श्रेयस्कर. टाकीच्या कडेच्या सांदीत त्या नीट बसतात. राहता राहिली स्टेपनी. ती बहुधा डिकीच्या तळाखाली असते, म्हणजे पंक्चर झाले की सारे सामान उतरवणे आले. त्याला इलाज नाही. मात्र जॅक, पाना आणि सावधगिरीचा लाल त्रिकोण वेगळ्या पिशवीत पुढच्या सीटखाली ठेवता येतो. स्टेपनीतली हवा निघण्यापूर्वी तपासता येते, आणि सामान पेटाऱ्यांत असेल तर पाच मिनिटांत ते उतरवून पुन्हा चढवताही येते.

वर्षाचे वेळापत्रक

या सगळ्याला फार वेळ लागत नाही. परतल्यानंतरचे दोन तास आणि वर्षातून दोन ठरावीक दिवस पुरेसे होतात. पहिला दिवस मे महिन्याच्या अखेरीचा. पावसाळी हवा घरात शिरण्याआधी सर्व सामान काढून, ऊन दाखवून, नव्या सिलिका जेलसह बंद करावे. दुसरा दिवस ऑक्टोबरच्या उन्हातला. तेव्हा तंबू गच्चीवर उभा करून त्यावर बादलीभर पाणी ओतून पाहावे. गळती असेल तर ती घरीच कळते आणि शिवणीवर लावायचे द्रावण आणून दुरुस्तीही करता येते. प्रथमोपचाराच्या पेटीतील औषधांच्या मुदतीही त्याच दिवशी तपासाव्यात.

घरातल्या मुलांना या दोन्ही दिवशी सोबत घ्यावे. मेखा मोजणे, दांड्या दुमडणे, यादीवर खुणा करणे ही कामे दहा वर्षांचे मूलही आवडीने करते. सामान कुठे आहे आणि ते कसे वापरायचे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असेल, तर रात्री दोनला पाऊस आला तरी कोणाची धांदल उडत नाही. दोर ताणले जातात, चेन ओढली जाते आणि मंडळी पुन्हा झोपी जातात.